घर सोडलेली किशोरवयीन मुले आणि पालकांची जबाबदारी

वाराणसीतील रामघाटावर श्री वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालय आहे. काशीतील वेदपाठशाळांमध्ये अध्ययनासाठी महाराष्ट्रातूनही किशोरवयीन मुले येतात. आचार्य त्यांची देखभाल करीत असले, तरी नैसर्गिक पालकत्व आईवडिलांकडेच राहते. मूल शिक्षणासाठी दूर गेले अथवा रागाने घर सोडून गेले, तरी ही जबाबदारी संपुष्टात येत नाही.

कायद्यानुसार १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत व्यक्ती अज्ञान मानली जाते. हिंदू दत्तकग्रहण व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम २० अन्वये अज्ञान अपत्याच्या निर्वाहाचे दायित्व आई व वडील या दोघांवरही आहे. अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण आणि औषधोपचार यांचा त्यात समावेश होतो.

ऐपत असूनही पालकांनी टाळाटाळ केल्यास भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १४४ अन्वये प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पोटगीसाठी अर्ज करता येतो. १ जुलै २०२४ पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होती.

मुलगा सज्ञान झाल्यावर पोटगीचा हक्क सर्वसाधारणपणे संपतो. शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे तो स्वतःचा निर्वाह करू शकत नसल्यास कलम १४४ चा आधार कायम राहतो. स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित हिंदू मुलीस मात्र १९५६ च्या अधिनियमानुसार विवाहापर्यंत वडिलांकडे निर्वाहखर्च मागता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले.

निराधार अथवा संकटात सापडलेल्या मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.