तळटीप १४ : ‘एशियासॅट’
१४. जोगेश्वरीतील चाळीच्या गच्चीवर केबलवाल्याने आग्नेयेस तोंड करून बसविलेल्या ज्या तबकडीचा येथे उल्लेख आहे, तिचा रोख ‘एशियासॅट-१’ या हाँगकाँगच्या कंपनीच्या मालकीच्या दळणवळण उपग्रहाकडे होता. विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवरून तो पृथ्वीच्या परिवलनाशी समगतीने फिरत असल्यामुळे निश्चल भासे, आणि म्हणून तबकडी एकदा रोखली की पुन्हा वळवावी लागत नसे. १९८४ साली ‘वेस्टार-६’ या नावाने सोडलेला, परंतु इष्ट कक्षेस न पोहोचलेला हाच उपग्रह त्याच वर्षी ‘डिस्कव्हरी’च्या अंतराळवीरांनी माघारी आणला, आणि ७ एप्रिल १९९० रोजी तो चीनमधून पुनश्च प्रक्षेपित झाला. ‘स्टार’च्या वाहिन्या १९९१ पासून व ‘झी टीव्ही’ २ ऑक्टोबर १९९२ पासून त्याच्याच द्वारे येत.