मिथेनीकरण उत्प्रेरक

कार्बन डाय-ऑक्साइडाच्या एका रेणूचा हायड्रोजनाच्या चार रेणूंशी संयोग घडवून मिथेन व पाणी देणारे धातुरूप उत्प्रेरक. ही विक्रिया फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबात्ये व झां बातीस्त सांद्रां यांनी १९०२ मध्ये निकेल वापरून दाखविली. साबात्ये यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक व्हिक्टर ग्रीन्यार यांच्यासमवेत विभागून मिळाले.

विक्रिया उष्णतादायी असून दर मोलमागे सुमारे १६५ किलोजूल उष्णता बाहेर पडते. उत्प्रेरकाच्या रचनेतील खरी अडचण हीच. कमी तापमानाला मिथेनाचे प्रमाण अधिक राहते, पण कार्बन डाय-ऑक्साइडाचा रेणू स्थिर असल्याने विक्रिया रेंगाळते. तापमान फार वाढले, तर कार्बन मोनॉक्साइड वाढते आणि निकेलाचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. मग क्रियाशील पृष्ठभाग घटतो.

म्हणून धातूइतकेच, धातूचे कण ज्यावर पसरलेले असतात ते आधारद्रव्यही महत्त्वाचे. सिरियम ऑक्साइडाच्या पृष्ठभागावरील ऑक्सिजनाच्या रिक्त जागा कार्बन डाय-ऑक्साइडाला धरून ठेवतात, तर शेजारचा निकेल हायड्रोजनाचे रेणू फोडतो. ॲल्युमिना स्वस्त, म्हणून जास्त प्रचलित. रुथेनियम तुलनेने कमी तापमानाला उत्तम काम करते. मात्र ते दुर्मिळ व महाग असल्याने मोठ्या संयंत्रांसाठी निकेलच व्यवहार्य ठरते. गंधकाची संयुगे निकेलाला निकामी करतात. त्यामुळे वायू आधी शुद्ध करून घ्यावा लागतो.