बोगोंगची मेजवानी आणि आकाशातली वाट

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय कोपऱ्यातल्या आल्प्स पर्वतावर उन्हाळ्यात एके काळी दूरदूरचे आदिवासी समूह गोळा होत. निमित्त असे बोगोंग नावाच्या तपकिरी पतंगाचे. खडकांच्या कपारींत हे पतंग एकमेकांना खेटून, कौले रचावीत तसे बसत. इयन कॉमन या कीटकशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये नोंदवलेली दाटी चौरस मीटरला सुमारे सतरा हजार होती.

जॉर्ज बेनेट या प्रवासी डॉक्टरने १८३०च्या दशकात ही मेजवानी लिहून ठेवली. धुराने पतंगांना गुंगी आणायची, ते गोळा करायचे, तापवलेल्या जमिनीवर परतायचे आणि पंख-पाय पाखडून टाकायचे. उरे तो चरबीने भरलेला गर. तो तसाच खात किंवा कुटून त्याचे गोळे करत. व्हिक्टोरियातल्या क्लॉग्ज गुहेत सापडलेल्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडी पाट्यावर पतंगाचे सूक्ष्म अवशेष मिळाले आहेत. म्हणजे प्रथा बेनेटच्या कितीतरी आधीची.

पण क्वीन्सलंडच्या मैदानांवर जन्मलेला पतंग आधी कधीही न पाहिलेल्या कपारीपर्यंत हजारेक किलोमीटर रात्रीचा उडत येतो कसा? त्याला वाट दाखवणारे वडीलधारे तर आदल्या हंगामातच मेलेले असतात.

उत्तरासाठी एरिक वॉरंट आणि डेव्हिड ड्रेयर या शास्त्रज्ञांच्या चमूने पतंग बारीक दांड्याला बांधून उडवले. २०१८ मध्ये दिसले, की ते पृथ्वीचे चुंबकक्षेत्र आणि डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा यांचा मेळ घालतात. २०२५ मध्ये त्याहून नवलाची गोष्ट पुढे आली. चुंबकक्षेत्र नाहीसे करून छतावर नुसते रात्रीचे आकाश दाखवले, तरी पतंग हंगामाला साजेशा दिशेनेच उडाले. आकाश अर्धा फेरा फिरवले, तेही वळले. तारे विस्कटून टाकले, तेव्हा गोंधळले. मेंदूतल्या काही चेतापेशी आकाश फिरवले की प्रतिसाद देत, आणि पतंगाचे तोंड दक्षिणेला आले की त्यांची लगबग सर्वाधिक असे.

सजीवांच्या अशा चोख यंत्रणा पाहून माणसाला त्या उसन्या घ्याव्याशा वाटणारच. प्रकाशाच्या बाबतीत ते साधले. हिरव्या शेवाळातले प्रकाशसंवेदी प्रथिन चेतापेशीत घालून ती प्रकाशाने चालू करता येते, हे २००५ मध्ये दिसले. चुंबकाने चेतापेशी हाताळल्याचा दावा मात्र २०१६ मध्ये गाजला आणि लगेच शंकेत सापडला: मार्कस माइस्टर या शास्त्रज्ञाच्या गणितानुसार त्या प्रयोगातले चुंबकीय बल फारच तोकडे होते. २०२० मध्ये अन्य प्रयोगशाळांनाही त्या दाव्याचा पडताळा आला नाही. कुतूहलापेक्षा घाई जास्त झाली, असेच म्हणावे लागेल.

इकडे दुष्काळाने २०१७ पासून बोगोंगच्या कपारी ओस पडल्या, आणि पतंगांवर जगणाऱ्या पहाडी पिग्मी पॉसम या छोट्या प्राण्याची पिल्ले भुकेने मेली. २०२१ मध्ये बोगोंग संकटग्रस्त यादीत गेला. त्याच्या शरीरात चुंबकक्षेत्र टिपणारा अवयव कुठे आहे, याचा शोध अजून चालूच आहे.