कामा रुग्णालयाची कुळकथा

करंज्या भरायला बसली, की आमची आजी एक गोष्ट हटकून सांगायची. तिच्या सासूबाईंची थोरली जाऊ पहिलटकरीण असताना अडली. तालुक्याला डॉक्टर होते. पण परपुरुषाने बाईला तपासायचे कसे? तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. “डॉक्टर होता रे, डॉक्टरीण नव्हती,” एवढे बोलून आजी करंजीला मुरड घालू लागायची.

पुढे मी शाळेत इतिहास शिकवू लागलो आणि ह्याच दुःखावर मुंबईत कुणी कुणी मिळून उपाय शोधला, ते वाचनात आले. दिवाळीच्या निवांत दुपारी वाचकांना तीच हकीकत सांगावी म्हणतो.

१८८२ साली इंग्लंडमधील डॉ. फ्रान्सिस होगन ह्या बाईंनी हिंदुस्थानातील स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर हव्यात, असा लेख लिहिला. तो वाचला मुंबईतील एका अमेरिकन व्यापाऱ्याने. त्याचे नाव जॉर्ज किट्रिज. त्याला साथ मिळाली सोराबजी शापुरजी बंगाली ह्या पारशी सुधारकाची. दोघांनी निधी उभारला. हेतू तीन : विलायतेहून डॉक्टरणी आणणे, खास स्त्रियांचे रुग्णालय काढणे आणि इथल्या मुलींना वैद्यकीचे शिक्षण देणे. ग्रँट मेडिकल कॉलेजाचे दार मुलींना उघडले, तेही ह्याच खटपटीतून.

रुग्णालयासाठी पेस्तनजी होरमसजी कामा ह्यांनी लाखावर रुपये दिले. बंगाली ह्यांनी सरकारशी बोलणे करून अट घातली, की कारभार स्त्री-डॉक्टरांच्याच हाती राहील. मला ह्या अटीचे फार मोल वाटते. पैसा पुरुषांचा, पण अधिकार बायकांचा!

त्या अधिकाराला साजेशी बाईही लाभली. डॉ. एडिथ पीची ह्यांना एडिंबरोत रसायनशास्त्राची शिष्यवृत्ती गुणांनी मिळत असूनही स्त्री म्हणून नाकारली गेली होती. १८८३ च्या डिसेंबरात त्या मुंबईत उतरल्या. जाफर सुलेमान ह्यांच्या नावाच्या दवाखान्यात त्यांचे काम सुरू झाले आणि १८८६ साली कामा रुग्णालय उघडले. पारशी दाता, मुसलमान घराण्याच्या नावाचा दवाखाना, अमेरिकन व्यापारी, इंग्रज डॉक्टरीण आणि सरकारी तिजोरी! एकट्याच्याने ह्यांतले काहीच तडीस गेले नसते.

लहानपणीच्या लग्नाविरुद्ध कोर्टात झगडणाऱ्या रखमाबाईंना ह्याच पीचीबाईंनी पाठबळ दिले. रखमाबाई विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ स्त्रियांची सेवा केली. एका दिव्याने दुसरा लावावा, तसेच हे झाले.

मात्र एक गोष्ट मनाला टोचते. आजीच्या गोष्टीतली ती बाई गेली, तेव्हा कामा रुग्णालय उभे होते. पण ते मुंबईत! आमच्या गावापर्यंत डॉक्टरीण पोचायला पुढे कित्येक वर्षे लागली. दार उघडणे हे एक काम आणि त्या दारापर्यंत वाट नेणे हे दुसरे; दोन्हींना अनेक हात लागतात.

गेल्या वर्षी माझी भाची त्याच रुग्णालयात सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. आजी असती तर म्हणाली असती, “डॉक्टरीण होती ना? मग झालं!”