विहिरीवरची मोटार आणि एकट्याचे विमान



या व्यासपीठावरून आपण दरवर्षी विद्वानांची व्याख्याने ऐकता. आम्ही त्यांच्या पंक्तीतले नव्हे. आमची शाळा दहावीलाच सुटली. पुढले शिक्षण थोडे सार्वजनिक वाचनालयात आणि पुष्कळसे कारखान्याच्या फाटकापुढे झाले. तेव्हा आज जे सांगणार ते फाटकाबाहेर उभे राहून वाचलेल्या इतिहासाचे बोल आहेत, असे समजून ऐकावे.

दोन हकीकती आम्ही निवडल्या आहेत. पहिली किर्लोस्करांच्या कारखानदारीची, जिच्यातून पुढे विजेच्या मोटारी निघाल्या. दुसरी, इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधले आकाश एकट्याने ओलांडायला निघालेल्या दोन तरुणांची. नांगर, मोटार आणि विमान यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध दोन आहेत. एक तांब्याच्या तारेचा आणि दुसरा 'एकट्याने केले' या शब्दांचा.

प्रथम तारेविषयी. वयाच्या सोळाव्या वर्षी आम्ही मोटारी भरण्याच्या एका दुकानात उमेदवारी केली. उन्हाळा आला की अंबड, भोकरदन, परतूरकडचे शेतकरी जळलेल्या मोटारी बैलगाडीत, एस.टी.च्या टपावर, कधी खांद्यावर घेऊन येत. तीन फेजांपैकी एक फेज गेली की उरलेल्या दोहोंवर भार पडतो, तार तापते, वार्निश जळते आणि मोटार बसते. शेतकरी एवढेच म्हणे, "मोटार जळाली हो, दोन दिवसांत द्या, नाहीतर मोसंबी जाते." आम्ही काळी पडलेली तार छिन्नीने उपसत असू, आटे मोजून नवी भरीत असू आणि वार्निश पाजून ती उन्हात वाळवीत असू. एक आटा चुकला तर उस्ताद पुन्हा पहिल्यापासून करायला लावीत. त्यातल्या कितीतरी मोटारींच्या पाटीवर एकच नाव असे, किर्लोस्कर. ते माणसाचे आडनाव आहे हे आम्हांला फार उशिरा कळले. तोवर आम्ही ते मोटारीच्या जातीचेच नाव समजत होतो!

ते आडनाव ज्यांनी गाजविले ते लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलले गेले आणि त्यांनी नोकरीवर पाणी सोडले. बेळगावात वडीलबंधू रामुअण्णांबरोबर सायकलींचे दुकान चालविले, मग कडबा कापण्याचे यंत्र केले आणि नंतर लोखंडी नांगर. शेतकरी नांगर घेईनात. लोखंडाने जमीन नासते, अशी त्यांची समजूत! पुढे बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला आणि भांडवलालाही हात दिला. १९१० साली त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

येथवरची हकीकत शाळेच्या पुस्तकातही सापडते. आम्हांला गोडी आहे ती पुढच्या नावांची. शंभुअप्पा जांभेकर यंत्रांकडे पाहत. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळीत. के. के. कुलकर्णीही सोबतीला होते. रात्रीच्या पहाऱ्यावर होते तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. हे दोघे शिक्षा भोगून आलेले. ज्यांना गावाने चोर ठरविले त्यांच्याच हाती लक्ष्मणरावांनी पेठेची राखण दिली आणि ती त्यांनी चोख केली. पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड येईनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगराचे फाळ ओतले गेले. ज्या ओतारींनी भट्टीपुढे उभे राहून तो रस साच्यात ओतला, त्यांतल्या एकाचे तरी नाव आपल्यापैकी कोणास ठाऊक आहे काय?

पुढे पंप आले, इंजिने आली. १९४६ साली बंगळूरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी निघाली. लक्ष्मणरावांचे चिरंजीव रवि किर्लोस्कर तिचे प्रवर्तक. मोटा गेल्या, तेलाची इंजिने आली, आणि विजेचे खांब जसजसे शिवारात शिरले तसतशी विहिरीवर मोटार बसली. आमच्या मराठवाड्यात हे सारे उशिरा आले, कारण सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या अमलाखाली होतो. पण आले ते इतक्या झपाट्याने, की विहिरींचे पाणी पुरेना. २०१२-१३ च्या दुष्काळात मोटारी धड होत्या आणि विहिरी कोरड्या होत्या. मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. यंत्र पाणी उपसते, पाणी निर्माण करीत नाही, हा धडा आम्ही फार मोठी किंमत मोजून शिकलो.

आता विमानाकडे वळू. मोटारीत तारेच्या वेटोळ्यांतून वीज सोडली की चुंबकीय क्षेत्र फिरते आणि त्यामागोमाग लोखंडी गाभा फिरतो. हेच उलटे केले, म्हणजे तार आणि चुंबक एकमेकांपुढे फिरविले, की वीज मिळते. फॅरडेने हे १८३१ साली दाखविले. जुन्या विमानांच्या इंजिनांत असलेला मॅग्नेटो याच तत्त्वावर चाले. इंजिन फिरले की मॅग्नेटो फिरे, वीज उपजे आणि स्पार्क प्लगच्या टोकाशी ठिणगी पडे. ती ठिणगी चुकली तर आकाशात दुसरा आधार नाही. शेतकऱ्याची मोटार जळली तर पीक जाते, वैमानिकाची ठिणगी विझली तर जीव जातो.

आगाखानांनी १९२९ साली ५०० पौंडांचे बक्षीस लावले. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधले अंतर, कोणत्याही दिशेने, जो हिंदी माणूस प्रथम एकट्याने उडून पार करील त्यास ते मिळायचे. मे १९३० मध्ये दोन तरुण समोरासमोरच्या दिशांनी येत होते. कराचीहून निघाले जे. आर. डी. टाटा, ज्यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी हिंदुस्थानातला पहिल्या क्रमांकाचा वैमानिकाचा परवाना मिळाला होता. इंग्लंडहून येत होता अस्पी इंजिनिअर, अवघ्या सतरा वर्षांचा पोरगा. त्याआधी दोनच महिने, मार्चमध्ये, तो आर. एन. चावला यांच्या जोडीने कराचीहून इंग्लंडला उडाला होता. तिकडून परत मात्र एकटा निघाला.

दोघांची गाठ पडली मिसरमध्ये, अबुकिरच्या विमानतळावर. अस्पी तेथे अडकून बसला होता. कारण? स्पार्क प्लग! टाटांजवळ जादा प्लग होते. समोरचा आपला प्रतिस्पर्धी आहे, तो येथेच अडला तर बक्षीस आपले, हे त्यांना कळत नव्हते असे नाही. तरी त्यांनी प्लग देऊन टाकले. अस्पीने बदल्यात आपले तरंगण्याचे जाकीट त्यांना दिले. काही तासांच्या फरकाने अस्पी जिंकला. पुढे तोच १९६० ते १९६४ या काळात भारताचा हवाईदल प्रमुख झाला. टाटांना त्या हारीचे कधी दुःख झाले नाही.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला टपाल आणले. त्या वेळी सिंध मुंबई इलाख्यातच होता, म्हणजे हा सारा प्रवास एकाच प्रांतातला. जुहूहून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी तेच टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. विमानात टाटा एकटे होते हे खरे. पण अहमदाबादेस पेट्रोलचे डबे विमानापर्यंत आणले ते बैलगाडीने. आकाशातली डाक बैलांच्या खुरांवर उभी होती! तो गाडीवान कोण, ते डबे कोणी उचलले, याची नोंद आमच्या वाचनात नाही.

एकट्याचे धाडस आम्ही नाकारीत नाही. संघटना करणारा माणूस व्यक्तीचे मोल जाणत नाही, असा आमच्यावर आरोप असतो. तो खोटा आहे. पहिले पाऊल एकालाच टाकावे लागते. निवडुंगाच्या माळावर कारखाना पाहणारा डोळा एकाचाच असतो. आमची तक्रार एवढीच, की इतिहास पाटीवरचे नाव वाचतो आणि आतली तार पाहत नाही.

ही तक्रार पुस्तकी नाही. आमच्या जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळई होते. भट्ट्या विजेच्या, म्हणजे तेच तांबे आणि तेच चुंबकीय क्षेत्र. काही वर्षांपूर्वी अशाच एका भट्टीवर वितळलेले लोखंड उसळले आणि परप्रांतातून आलेला एक मजूर कंबरेपासून खाली भाजला. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याखाली दावा लावायचा, तर मालक म्हणाले, हा माणूस आमचा नव्हेच. ठेकेदाराने अंग झटकले. हजेरीपटावर नाव नव्हते. तीन महिने आम्ही पुरावा शोधीत हिंडलो. शेवटी तो सापडला फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर. टपरीवाल्याच्या उधारीच्या वहीत त्या मजुराचे नाव, पाळी आणि रोजचे दोन चहा, अकरा महिन्यांचे, ओळीने लिहिलेले होते. त्या तेलकट वहीने दावा जिंकला. पाय मात्र पूर्ववत झाले नाहीत.

त्या दिवसापासून आम्हांला वाटू लागले, की इतिहास लिहायचा तर अशा वह्यांपासून लिहावा. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांची नावे आज आपण घेऊ शकतो, कारण मालकाच्याच घरच्या माणसांनी ती लिहून ठेवली. स्पार्क प्लगची गोष्ट राहिली, कारण देणारा आणि घेणारा दोघेही मोठे झाले. उरलेल्यांचे काय? आमच्या उस्तादांनी चाळीस वर्षांत हजारो मोटारी भरल्या असतील. त्यांच्या बोटांना तारेचे घट्टे होते. त्यांची पाटी कोठेच नाही.

म्हणून श्रोतेहो, एक विनंती करून रजा घेतो. आपल्यापैकी कोणाच्या घरी भट्टीवर, जिनिंगमध्ये, रेल्वेत, विहिरीच्या खोदाईवर राबलेले म्हातारे माणूस असेल. घरी जाल तेव्हा एक वही काढा. त्यांचे नाव, गाव, कोठल्या साली कोठे काम केले, काय रोज मिळाला, एवढे तरी त्यांच्या तोंडून उतरून घ्या. पुढल्या वसंतात ती वही घेऊन या. येथे व्याख्यान देण्याचा मान आम्ही आनंदाने तिला देऊ आणि समोर सतरंजीवर बसून ऐकू.