चित्रकर्त्रीची आई आणि बहीण

बेर्त मोरिझो (१८४१–१८९५) या फ्रेंच दृक्‌प्रत्ययवादी चित्रकर्त्रीचे १८६९–७० मधील तैलचित्र. कॅनव्हासचा आकार १०१ × ८१.८ सेंमी. १८७० मध्ये पॅरिसच्या ‘सालाँ’ या अधिकृत चित्रप्रदर्शनात प्रदर्शित. आता वॉशिंग्टनच्या ‘नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट’मध्ये, चेस्टर डेल संग्रहात. ‘वाचन’ या नावानेही ते ओळखले जाते.

काळ्या पोशाखातली आई पुस्तकात गढलेली आहे. फुलाफुलांच्या कापडाने मढवलेल्या कोचावर पांढऱ्या झग्यात मोरिझोची बहीण एद्मा बसली आहे. दोघी गप्प आहेत, म्हणून हे घरगुती शांततेचे चित्र मानले जाते. पण या गप्पपणाचे दोन प्रकार आहेत, आणि चित्राचे खरे बळ त्या फरकात आहे. आईचे मन पुस्तकाने व्यापले आहे. एद्माच्या हातात काम नाही, पुस्तक नाही; नजर खाली झुकलेली, पण कशावरच ठरलेली नाही. एद्मा स्वतः चित्रकार होती. दोघी बहिणी आधी गिशार आणि पुढे कोरो या चित्रकारांकडे शिकल्या. १८६४ च्या सालाँमध्ये दोघींची चित्रे लागली. १८६९ मध्ये नौदल अधिकारी आदोल्फ पोंतियाँ यांच्याशी लग्न झाल्यावर एद्माचे चित्र काढणे थांबले. हे चित्र काढले गेले त्या हिवाळ्यात ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सैल झग्याने तिचे गरोदरपण झाकले आहे. चितारणारी बहीण कुंचला धरून समोर आणि तो खाली ठेवलेली बहीण कोचावर, अशी ही बैठक आहे.

हा चरित्राचा भार चित्रावर बाहेरून लादला आहे, असा आक्षेप घेता येईल. मात्र नावे पुसली तरी काळा आणि पांढरा, पुस्तक आणि रिकामे हात हा भेद कॅनव्हासवर उरतोच. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सालाँकडे चित्र पाठवण्याच्या शेवटच्या दिवशी चित्रकार एद्वार माने आले आणि सल्ला देता देता त्यांनी आईची आकृती बरीचशी स्वतःच रंगवली. मोरिझोला ते फार लागले. मग हे चित्र तिचे म्हणावे काय? आईचा चेहरा व काळा पोशाख यांतले रुंद, सफाईदार फटकारे मानेंचे आहेत, हे मान्य करावेच लागते. एद्माचा चेहरा, कोचावरची फुले, तिच्या डोक्यामागच्या आरशातली प्रतिबिंबे मात्र मोरिझोच्या नाजूक, अस्थिर स्पर्शाची आहेत. म्हणजे विचारात बुडालेली स्त्री पूर्णपणे तिचीच आहे. मानेंच्या ठाम काळ्या रंगाशेजारी ती अधिकच दूर गेल्यासारखी वाटते. दृक्‌प्रत्ययवाद्यांचे पहिले प्रदर्शन या चित्राच्या चार वर्षांनंतरचे, १८७४ चे. त्यात मोरिझोने ‘पाळणा’ (१८७२) हे चित्र मांडले. तिथेही एद्माच आहे, तशीच गप्प, पण हात गालाला टेकलेला आणि नजर पाळण्यात झोपलेल्या तिच्या मुलीवर, ब्लांशवर स्थिरावलेली.