ठणठण : एका नादाचे अनेक अर्थ

धातूच्या रिकाम्या भांड्यावर आघात केला असता जो आवाज उमटतो, त्याला मराठीत ‘ठण’ म्हणतात. त्याच्या द्विरुक्तीने सिद्ध झालेला ‘ठणठण’ हा व्याकरणदृष्ट्या अनुकरणवाचक अभ्यस्त शब्द होय. या एकाच नादातून निघालेल्या शब्दांचे अर्थ मात्र परस्परविरोधी टोकांना गेले आहेत. उत्तम प्रकृती आणि दारिद्र्य, वेदना आणि निर्धार हे सारे त्यात सामावते.

उच्चार : ‘ठ’ हा मूर्धन्य महाप्राण आघात दर्शवतो, तर ‘ण’ हे मूर्धन्य अनुनासिक मागे रेंगाळणारा नाद. महाप्राण काढून घेतला की ‘टण’ उरतो. त्याच्याशी ‘टणक’ आणि ‘टणाटण उड्या’ यांचे नाते जाणवते. तेथे कठीणपणा आहे, उसळी आहे, पण घुमणे नाही.

अभाव : भरलेले भांडे ठणठणत नाही, रिकामेच ठणठणते. म्हणून पैशाचा, धान्याचा वा पाण्याचा ‘ठणठणाट’ होतो आणि विहीर ‘कोरडी ठणठणीत’ पडते. निर्धन माणूस ‘ठणठणपाळ’ किंवा ‘ठणठणगोपाळ’ ठरतो. आपल्या नावाला कंटाळलेल्या ठणठणपाळाची लोककथा सर्वपरिचित आहे. चांगल्या नावाच्या शोधात निघालेल्या त्याला अमरसिंगाची अंत्ययात्रा, भीक मागणारा धनपाळ आणि गोवऱ्या वेचणारी लक्ष्मी भेटते. तेव्हा आपलेच नाव बरे, असे म्हणत तो परततो. पाली जातककथांतील ‘नामसिद्धि जातका’चा गाभा हाच आहे. जयवंत दळवी (१९२५–१९९४) यांनी ‘ललित’ मासिकातील ‘घटका गेली, पळे गेली’ हे खुसखुशीत सदर ‘ठणठणपाळ’ याच टोपणनावाने लिहिले.

सुस्थिती : मग ‘ठणठणीत’ म्हणजे निरोगी कसे? येथेही भांड्याचाच दाखला उपयोगी पडतो. मडके विकत घेताना ते वाजवून पाहतात. तडा गेलेले मडके ‘बद्द’ वाजते, अभंग मडके स्पष्ट नाद देते. एकाच टिचकीने भांडे रिकामे आहे हेही कळते आणि ते धड आहे हेही. दोन विरुद्ध अर्थांची संगती अशी लावता येते. ‘खणखणीत नाणे’ आणि ‘खणखणीत आवाज’ या प्रयोगांतही नादावरून अस्सलपणा पारखण्याचीच दृष्टी आहे.

वेदना : दात, कान किंवा पिकलेले गळू ‘ठणकते’. ‘ठणका’ म्हणजे नाडीच्या ठोक्याबरोबर घणासारखी आदळणारी वेदना. ‘कळ’ येते आणि जाते, ‘चमक’ क्षणात भरते, ‘ठसठस’ तुलनेने मंद पण सतत असते. या चारही शब्दांचे भाषांतर नुसते ‘दुखते’ असे केले, तर निदानाला उपयोगी पडणारा तपशील हरवतो.

निर्धार आणि गोंगाट : ‘ठणकावून सांगणे’ म्हणजे समोरच्याच्या कानावर आदळेल असे स्पष्ट सांगणे. ‘बजावून सांगणे’ याच्याही मुळाशी वाजवण्याचीच क्रिया आहे. याउलट ‘ठणाणा’ हा निव्वळ कल्लोळ. मूल ठणाणा करते, फोन ठणाणा वाजतो.

परदेशी राहणाऱ्यांसाठी हे अर्थभेद केवळ कोशापुरते नाहीत. भेटीस आलेल्या वडीलधाऱ्यांना दवाखान्यात नेल्यावर दुभाष्याचे काम बहुधा मुलामुलींकडेच येते. तेथे ‘ठणका’ आणि ‘कळ’ यांतला फरक डॉक्टरांपर्यंत पोहोचवणे त्यांच्याच हाती असते. दूरध्वनीवर मात्र बहुतेकदा एकच शब्द ऐकू येतो : ‘ठणठणीत’. मुलांना काळजी नको म्हणून तो उच्चारला जातो, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. अशा वेळी ‘कसे आहात?’ एवढ्यावर न थांबता झोप, भूक, चालणे आणि औषधे यांची एकेक करून चौकशी करावी. मडकेदेखील चारी बाजूंनी वाजवूनच घ्यायचे असते.